चौथ्यात गप्प, बाकी तिन्हींत कुरकुर

गिअरबॉक्स उघडायच्या आधी ऐकायचा असतो. माझ्या ट्रायम्फ स्पिटफायरची तक्रार स्वच्छ होती. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये खालून जाडसर गुरगुर, चौथा टाकला की शांतता. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना बारीक घरघर, क्लच दाबला की तीही बंद. आणि तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना दरवेळी ‘खर्रर्र’. एवढ्या तीन खुणांवरून आत काय झिजले आहे, ते पान्याला हात न लावता सांगता येते. लोक घाबरतात ते आतल्या गुंतागुंतीला. पण कुठे काय फिरते हे एकदा कळले, की ती फारशी उरत नाही.

आत तीन दांडे असतात. इंजिनाकडून क्लचमार्गे येणारा आखूड इनपुट शाफ्ट. त्याच्याच रेषेत, मागच्या चाकांकडे जाणारा मेनशाफ्ट. आणि दोघांच्या खाली, पेटीच्या तळाशी, लेशाफ्ट. लेशाफ्ट स्वतः फिरत नाही, तो नुसता आस आहे. त्याच्यावर, सुईसारख्या बारीक रोलरांच्या आधाराने, एक लांब पोकळ तुकडा फिरतो. त्यावर लहानमोठी चक्रे एकसंध कापलेली असतात. त्याला लेगिअर म्हणतात. इनपुट शाफ्ट फिरला की लेगिअर फिरतोच, आणि लेगिअरची चक्रे मेनशाफ्टवरच्या पुढच्या गिअरांच्या चक्रांत कायमची अडकलेली असतात. म्हणजे आपण पहिला-दुसरा गिअर टाकतो तेव्हा दात दातांत घालत नसतो. ते कारखान्यातच घातलेले आहेत. मेनशाफ्टवरची ही चक्रे शाफ्टभोवती मोकळी फिरत असतात आणि लिव्हर त्यांतल्या एकाला शाफ्टशी जखडते, एवढेच.

चौथ्या गिअरचे मात्र निराळे आहे. त्यात इनपुट आणि मेनशाफ्ट थेट एकमेकांना जखडले जातात. इंजिनाचा एक फेरा तो बाहेरचा एक फेरा. लेगिअर तेव्हाही फिरतो, पण त्याच्यावर भार नसतो. पहिल्यात उलट: स्पिटफायर मार्क फोरमध्ये इंजिन साडेतीन फेरे मारते तेव्हा मेनशाफ्ट एक मारतो, आणि ती सगळी ओढ लेगिअरच्या अंगावरून जाते. आता खुणा जुळवून बघा. चौथ्यात आवाज नाही, बाकी तिन्हींत आहे, म्हणजे दोष लेशाफ्टच्या बाजूला. क्लच दाबल्यावर इनपुट शाफ्ट थांबतो, त्याच्याबरोबर लेगिअर थांबतो, म्हणून घरघर बंद. ‘खर्रर्र’चे कारण वेगळे, ते दुसऱ्या गिअरच्या पितळी कड्यात. त्याच्याकडे पुढे येते.

व्यवसायाने मी दंतवैद्य. इंग्लंडात कव्हेंट्रीला स्थायिक होऊन बरीच वर्षे झाली. दात कुठल्या बाजूने झिजलाय आणि का, हे बघणे हा माझा रोजगारच आहे, तेव्हा गिअरच्या दातांकडे बघताना फार परके वाटले नाही. पण लोखंडाची सवय त्याआधीची. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आप्पांचा लेथ होता. शेजारीपाजारी ऑइल इंजिनांचे भाग, पलीकडे फाउंड्री. गावातल्या एका डॉक्टरांची स्टँडर्ड हेरल्ड आमच्याकडे बुश बदलायला यायची. मद्रासला बनणारी ती हेरल्ड म्हणजे इथल्या ट्रायम्फ हेरल्डचाच अवतार, 948 सीसीचे इंजिन, आणि सगळे बॉनेट एका तुकड्यात पुढे उघडणारे. ते उघडले की आम्ही पोरे तोंड आ वासून बघत राहायचो. स्पिटफायर ही त्याच हेरल्डची धाकटी बहीण. हेरल्डचीच चॅसी आखूड करून, जोवानी मिकेलोत्ती या इटालियन रेखाटनकाराकडूनच अंग काढून घेऊन, ट्रायम्फने ती 1962 मध्ये बाजारात आणली. कव्हेंट्रीतल्या कॅन्ली कारखान्यात 1980 पर्यंत तिचे उत्पादन झाले, तीन लाखांहून अधिक. माझी 1973 ची, 1296 सीसी, ओव्हरड्राइव्ह नसलेली. ओव्हरड्राइव्ह असलेला गिअरबॉक्स हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि तो लेख मी लिहिणार नाही.

घरी हे काम करायचे तर स्पिटफायरसारखी सोयीची गाडी नाही, हे माझे ठाम मत. त्याच काळातल्या एमजीबीचा गिअरबॉक्स काढायचा तर इंजिनही बाहेर काढावे लागते. क्रेन हवी, जागा हवी, दोन माणसे हवीत. स्पिटफायरचा गिअरबॉक्स निघतो तो गाडीच्या आतून. दोन्ही सीट काढायच्या, गालिचा उचलायचा, डॅशबोर्डखालचा आधाराचा कंस सोडवायचा, मग मधल्या उंचवट्यावरचे झाकण. हे झाकण दाबलेल्या पुठ्ठ्याचे असते. हो, पुठ्ठ्याचे. पन्नास वर्षांच्या ओलाव्याने त्याची काय अवस्था होते ते सांगायला नको. आता प्लॅस्टिकचे मिळते, तेच घ्यावे. झाकणाखाली गिअरबॉक्स अख्खा समोर दिसतो. प्रॉपेलर शाफ्ट, स्पीडोमीटरची केबल, क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, स्टार्टर, मागचे रबरी माउंटिंग, एक्झॉस्टचा आधार, आणि मग बेलहाउसिंगभोवतीचे, म्हणजे क्लच झाकणाऱ्या कवचाभोवतीचे, बोल्ट. इंजिनाखाली जॅक आणि मध्ये लाकडी फळी. गिअरबॉक्स मागे ओढून डावीकडच्या सीटच्या जागेत उतरवायचा. एक गोष्ट फक्त जपायची: अर्धवट सुटलेल्या गिअरबॉक्सचे वजन इनपुट शाफ्टवर लोंबकळू द्यायचे नाही, क्लच प्लेट वाकते. कंबरही जपायची, पण ती ज्याची त्याला कळते.

टेबलावर घेण्याआधी बाहेरून धुवायचा. आधी तळाचा प्लग सोडून तेल पांढऱ्या भांड्यात काढायचे आणि उजेडात धरायचे. तेलात पितळी चमक असेल तर ती कड्यांची झीज, तिने घाबरायचे नाही. चुंबकाला करडी मिशी धरली असेल तरी समजण्यासारखे. मला मिळाले ते पातळ खपले, नखाच्या टोकाएवढे, एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने खडबडीत. पोलादाची वरची कठीण साल सुटली की असे तुकडे पडतात.

वरचे झाकण निघाले की त्याच्यासोबत गिअर निवडणारी यंत्रणा निघते: तीन दांड्या, तीन काटे. एक दांडी पहिल्या-दुसऱ्याची, एक तिसऱ्या-चौथ्याची, एक रिव्हर्सची. त्यांच्यामध्ये छोटी खिळी आणि छर्रे असतात. त्यांचे काम असे की एक दांडी सरकली की बाकीच्या दोन अडकून राहाव्यात. ही खिळी परत बसवायची राहिली तर दोन गिअर एकदम पडू शकतात, आणि दोन वेगवेगळ्या गतींना एकाच शाफ्टला जखडले की सगळेच थिजते. म्हणून झाकण सोडवताना प्रत्येक तुकडा कुठून निघाला त्याचे फोटो काढून ठेवावेत. फोनच्या कॅमेऱ्याने या छंदाचे जेवढे भले केले तेवढे कुठल्याच महागड्या हत्याराने केले नसेल.

लेशाफ्ट काढताना एक युक्ती लागते. तो सरळ ओढला तर सुईरोलर पेटीभर सांडतात. म्हणून त्याच जाडीचा, पण लेगिअरच्या लांबीएवढाच आखूड लाकडी दांडा एका बाजूने आत सारायचा. तो शिरतो तसा खरा शाफ्ट दुसऱ्या बाजूने निघतो, आणि लेगिअर रोलरांसकट अलगद तळाला बसतो. मग इनपुट शाफ्ट पुढून काढायचा, मागचे बेअरिंग ओढून घ्यायचे, आणि मेनशाफ्ट तिरका करून वरून बाहेर. पेटी बीडाची आहे, बेलहाउसिंग आणि मागचे शेपूट ॲल्युमिनियमचे. बीडावर हातोडा चालवायचा मोह होतो. रबरी हातोडा घ्यावा.

मेनशाफ्टवर एक सर्कलिप, म्हणजे चक्रांना जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी, आहे. ती या गिअरबॉक्सची बदनाम जागा. ती चक्रांच्या मध्ये अशा खोबणीत बसते की साधी पक्कड पोचत नाही. कारखान्याच्या मॅन्युअलमध्ये तिच्यासाठी खास हत्यार दाखवले आहे. ते विकतही मिळते. मी पातळ भिंतीच्या पोलादी नळीला बोटे कापून तसेच हत्यार करून घेतले. सर्कलिप काढताना वाकतेच, म्हणून नवी आधीच आणून ठेवावी. जुनी सरळ करून परत वापरणारे लोक आहेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, त्यांची गाडीही विकत घेत नाही.

सगळे सुटे झाले, रॉकेलने धुतले, आणि मग निदान समोर आले. लेशाफ्टच्या पुढच्या टोकाला, जिथे रोलर फिरतात, तिथे एका बाजूलाच खड्डे. एकाच बाजूला का? शाफ्ट फिरत नाही ना. भार नेहमी त्याच बाजूने येतो, वर्षानुवर्षे तीच जागा सोसत राहते. आणि पुढचेच टोक का? कारण इनपुट शाफ्टचा दाब तिथेच येतो. या शाफ्टची वरची साल कठीण केलेली असते, आतला गाभा मऊ. साल एकदा फुटली की रोलर गाभा कुरतडायला लागतात आणि निघालेला चुरा तेलातून बाकीच्या सगळ्या बेअरिंगांत जातो. म्हणून आवाज सुरू झाल्यावर ‘अजून चालतेय तोवर चालवू’ म्हणणे महागात पडते. शाफ्ट आणि रोलर स्वस्त आहेत. लेगिअर त्या मानाने खूप महाग, आणि लेगिअरच्या भोकाची आतली भिंतही तेच रोलर खातात. माझ्या लेगिअरचे भोक वाचले होते. तोंड तपासायचा छोटा आरसा आणि टोकदार प्रोब दवाखान्यातून आणला होता. प्रोबचे टोक भिंतीवरून फिरवले, कुठेही अडकले नाही.

मेनशाफ्टचे पुढचे निमुळते टोकही बघावेच. ते इनपुट शाफ्टच्या पोटात, सुईरोलरांच्या बेअरिंगवर टेकते. चौथ्यात दोघे एकत्र फिरतात म्हणून तिथे घर्षण नाही, पण बाकीच्या गिअरांत दोघांची गती वेगळी असते आणि सगळी झीज त्या टोकावर येते. लोक लेशाफ्ट बदलतात, हे टोक विसरतात, आणि गुरगुर जशीच्या तशी.

नवा लेशाफ्ट आला तेव्हा व्हिडिओ कॉलवर आप्पा होते. वय झाले तरी लोखंड दिसले की चष्मा पुसतात. “कानस लावून बघितलीस काय? नुसतं चकाकतंय म्हणून घालू नकोस.” जुन्या शाफ्टच्या न झिजलेल्या भागावर बारीक कानस फिरवली, ती काचेवरून घसरावी तशी घसरली. नव्याच्या अगदी टोकावर, जिथे रोलर येत नाहीत, तिथे फिरवली, तर तिने धरले. खरवडले गेले. “परत पाठव.” आज मिळणारे नवे भाग मूळ कारखान्याचे नाहीत, आणि कोणाचा शाफ्ट नीट कठीण केलेला असतो, कोणाचा नाही. डब्यावरच्या रंगीत चित्रावरून ते कळत नाही. दुसरीकडून मागवलेला कानशीला दाद देईना, तोच घातला. कानस वीस पैशांची असो की वीस पौंडांची, हा निर्णय तीच देते.

आता ते पितळी कडे. 1928 मध्ये अमेरिकेत कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणले, तोपर्यंत ड्रायव्हरलाच कानाने गती जुळवावी लागे. आपल्याकडे जुन्या एसटीचे ड्रायव्हर मधे न्यूट्रल करून पुन्हा क्लच दाबत, तो डबल क्लच हेच काम करायचा. सिंक्रोमेशमध्ये ते काम कडे करते. प्रत्येक चक्राच्या कुशीला पोलादाचा निमुळता शंकू असतो आणि त्याच्यावर आतून तसेच निमुळते पितळी कडे सैलसे बसलेले असते. लिव्हर ढकलली की सरकणारी बाही आधी कड्याला शंकूवर दाबते. एकात एक घातलेले स्टीलचे पेले दाबले की घट्ट धरतात, तसे कडे शंकूला धरते, आणि घर्षणाने चक्राची गती शाफ्टच्या गतीवर येते. तोवर कड्याच्या कडेचे छोटे दात बाहीला अडवून धरतात. गती जुळली की दात वाट देतात आणि बाही पलीकडे सरकून चक्राला जखडते. हे सगळे डोळ्याचे पाते लवते तेवढ्यात.

कड्याच्या आत बारीक आटे असतात. ते शोभेचे नाहीत. तेलाचा पातळ थर कापून बाजूला सारणे हे त्यांचे काम. आटे घासून सपाट झाले की कडे तेलावरून घसरते, गती जुळत नाही, आणि दात दातांवर आपटतात. तपासणी सोपी आहे. कडे शंकूवर बोटांनी दाबायचे आणि फिरवून बघायचे: चांगले असेल तर धरते, वाईट असेल तर गुळगुळीत फिरते. मग कडे आणि चक्राच्या दातांमधली फट फीलर गेजने मोजायची. झिजलेले कडे शंकूवर खोल उतरते आणि फट मिटत जाते. माझ्या दुसऱ्या गिअरच्या कड्याची फट जवळजवळ संपली होती. दुसराच का? शहरात सगळ्यात जास्त राबतो तोच. दर सिग्नलला, दर वळणाला, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर. कडी चारही बदलली, कारण पेटी उघडली असताना तीन जुनी ठेवण्यात काही शहाणपण नव्हते.

चक्रे मात्र जुनीच ठेवली. त्यांच्या दातांवर झीज होती, पण सारखी, चकचकीत, खड्डे नसलेली. एकमेकांवर झिजलेल्या जोडीतले एक चक्र बदलून नवे घातले तर आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतो. बदलायची तर जोडी बदलावी, नाहीतर हात लावू नये. पुढे जाणाऱ्या गिअरांचे दात तिरके कापलेले असतात, त्यामुळे ते कमी आवाज करतात, पण चक्राला सारखे बाजूलाही ढकलत राहतात. तो धक्का सोसायला दोन्ही बाजूंना थ्रस्ट वायसर असतात. रिव्हर्सचे दात सरळ, म्हणून मागे जाताना जुनी गाडी आवाज करते. तो दोष नाही, दुरुस्त करायला जाऊ नये.

जोडणी ही मोजणीची गोष्ट आहे. प्रत्येक चक्राला पुढेमागे हलायला किती जागा उरली, ते फीलर गेजने थाऊंमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत, बघायचे. जागा जास्त असेल तर जाड वायसर, कमी असेल तर पातळ. बाहीच्या आतल्या हबमध्ये तीन स्प्रिंगा आणि तीन छर्रे असतात. ते बसवताना हात आणि हब दोन्ही मोठ्या पारदर्शक पिशवीत घालावेत, कारण सुटलेला छर्रा गॅरेजमध्ये परत सापडत नाही. लेगिअरच्या सुईरोलरांना जाड ग्रीस लावून भिंतीला चिकटवायचे, थ्रस्ट वायसरही ग्रीसनेच पेटीला चिकटवायचे, लेगिअर आधी तळाला ठेवायचा, मेनशाफ्ट आणि इनपुट बसवायचे, मग लेगिअर वर उचलून खरा लेशाफ्ट आत सारायचा. तो लाकडी दांड्याला बाहेर ढकलत जातो. वायसरचे कान खोबणीत आले नसतील तर शाफ्ट मधेच अडतो. जोर लावायचा नाही, बाहेर घ्यायचा, बघायचे, पुन्हा. मेनशाफ्टवर बेअरिंग दाबून बसवण्यासाठी मात्र मी एका छोट्या वर्कशॉपच्या प्रेसवर गेले. घरी हातोड्याने बेअरिंग ठोकणारे पुढे त्याच बेअरिंगचा आवाज ऐकतात.

गिअरबॉक्स बाहेर असताना क्लचकडे बघितलेच पाहिजे: प्लेट, रिलीज बेअरिंग, आणि क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकातला छोटा कांस्य बुश, ज्यात इनपुट शाफ्टचे नाक बसते. हा बुश सच्छिद्र असतो. बसवण्याआधी रात्रभर तेलात बुडवून ठेवावा, मग तो स्वतःच स्वतःला वंगण देतो. मागचे ऑइल सील नवे. गिअर लिव्हरच्या बुडाचा नायलॉन बुशही नवा. काही पैशांची वस्तू, पण कित्येक जण लिव्हर डुगडुगते म्हणून अख्खा गिअरबॉक्स बिघडला समजतात.

तेल साधारण 0.85 लिटर लागते, आणि ते कुठले, यावर जुन्या गाड्यांच्या मंडळींत रात्र रात्र वाद चालतात. माझे उत्तर एका ओळीत आहे. डब्यावर जीएल-4 लिहिलेले घ्या, जीएल-5 घेऊ नका. जीएल-5 मुख्यतः डिफरन्शिअलसाठी आहे; त्यातली जास्तीची गंधकयुक्त द्रव्ये पितळेला मानवत नाहीत, आणि ते इतके निसरडे असते की कड्याला शंकूवर पकड मिळायला वेळ लागतो. बाजूच्या प्लगच्या भोकातून तेल बाहेर येईपर्यंत भरायचे, गाडी सपाट जागेवर उभी करून.

मग पहिले काहीशे मैल घाई करायची नाही. नवी कडी शंकूंवर रुळायला वेळ घेतात; सुरुवातीला गिअर जरा जड पडतो, तो जोर लावून टाकू नये, क्षणभर दाबून धरावा, आपोआप जातो. त्यानंतर तेल एकदा काढून टाकायचे, पुन्हा पांढऱ्या भांड्यात. माझ्या भांड्यात सोनेरी धूळ होती, आटे रुळताना पडते तेवढी. पोलादाचा तुकडा एकही नव्हता. तळाचा प्लग पुसून परत लावला, नवे तेल भरले आणि पुठ्ठ्याऐवजी प्लॅस्टिकचे झाकण कायमचे आवळून टाकले. सीट मात्र पुन्हा काढून गॅरेजच्या भिंतीशी ठेवल्या आहेत. त्यांचे फाटलेले आवरण आधी शिवून घ्यायचे आहे, आणि शिलाई हा प्रकार मला अजिबात जमत नाही, तेव्हा ती बाहेर देणार.